तीन पानांची जंबेरी

मित्रांनो, निलंग्याहून तीन कोसांवर, तेरणेच्या काठी एक बांधीव विहीर आहे. तिच्या उगवतीच्या अंगाला एक वाकडं, काटेरी, बुंध्याशी पोखरलेलं झाड उभं आहे. ती मी. जातीनं जंबेरी आणि आता वयानं म्हातारी. जंबेरी म्हणजे खडबडीत सालीचं आंबटढाण लिंबू. आमचं फळ कुणी हौसेनं खात नाही. आम्हाला लावतात ते दुसऱ्याला खांद्यावर घेण्यासाठी. आमच्या कोवळ्या खोडाला चीर देऊन तिथं मोसंबीचा डोळा, म्हणजे काडीवरचा झोपलेला कोंब, बांधतात. डोळा फुटला की वरचा आमचा शेंडा छाटून टाकतात. मग मूळ आमचं आणि फळ मोसंबीचं, असं झाड वाढीला लागतं. खालच्या मुळाची आठवण फळ खाणाऱ्याला कशाला राहील? त्याबद्दल माझी तक्रार नाही. जंबेरीचा जन्म त्यासाठीच असतो.

पण माझा जन्म जरा वेगळ्या वळणानं गेला.

ते दिवस निजामाच्या राजवटीचे. आमचा तालुका तेव्हा बीदर जिल्ह्यात होता. कचेरीत उर्दू चालायची, बाजारात मराठी, आणि बागेचे मालक गुरुपादप्पा यांच्या घरात अर्धी मराठी, अर्धी कानडी. गुरुपादप्पा उंच, ताठ, कमी बोलणारे. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, खांद्यावर उपरणं. सकाळची पूजा आटोपली की ते थेट बागेत येत आणि सगळ्यांत आधी एका झाडापाशी जाऊन उभे राहत. त्या मोसंबीला सगळे 'थोरली' म्हणत. तिची साल पातळ, फोडी रसानं टच्च, गोडीला मागून हलकीशी आंबूस धार. बागेतली झाडून सगळी मोसंबी तिच्याच डोळ्यांपासून बांधलेली होती. गावात कुणी आजारी पडलं की गुरुपादप्पा टोपलीभर फळं स्वतः नेऊन देत. पण डोळे काढायची काडी कुणी मागितली, तर मान हलवत. "फळ पाहिजे तेवढं न्या. काडी मिळायची न्हाई." थोरलीची काडी कधी बागेच्या कुंपणाबाहेर गेली नाही.

बागेत कलमं बांधायचं काम मडिवाळप्पांकडे होतं. वयानं गुरुपादप्पांच्या बरोबरीचे, पण अंगानं वाळक्या शेंगेसारखे. त्यांनी एका माघात जंबेरीचं बी राखेत चोळून सावलीत सुकवलं आणि विहिरीजवळच्या वाफ्यात पेरलं. वीस-बावीस दिवसांनी आम्ही माती फोडून वर आलो. माझ्या बीतून तीन कोंब निघाले. आमच्यात हे नवलाचं नाही. एका बीतून दोन-तीन रोपं येतात, बहुतेक हुबेहूब आईच्या वळणावर जातात. एखादंच वेगळं निघतं. कुठल्या तरी लांबच्या फुलाचे पराग मधमाशीनं आणलेले असतात, ते त्याच्यात उतरतात. माझ्या दोघी बहिणी एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा होत्या. मी वेगळी निघाले.

पहिली दोन पानं ठीक आली. तिसऱ्या पानापासून माझ्या एकेका देठावर तीन-तीन पानं फुटू लागली. मधलं मोठं, बाजूची दोन लहान.

त्या वाफ्यात वेगळी रोपं आणखीही होती. एक तर पांढरंफटक उगवलं. दिसायला किती सुंदर! पण अंगात हिरवेपणा नाही, तर ते उन्हावर पोट भरणार कसं? बीतली शिदोरी संपली आणि पंधरा दिवसांत त्यानं मान टाकली. एकाची पानं चमच्यासारखी आत वळलेली. एकाची मिरचीच्या पानांसारखी अरुंद. एकाच्या पानांवर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे डाग. आम्ही सगळी शेजारी शेजारी वाऱ्यावर डोलत होतो. आपल्यात काही खोट आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

ते कळलं पावसाळ्यात. रोपं वीतभर झाली होती. मडिवाळप्पा वाफ्याच्या कडेला उकिडवे बसले आणि एकेका रोपाच्या पानांवरून बोट फिरवत पुढं सरकू लागले. सारखी होती ती राहत होती. वेगळं दिसलं की दोन बोटांत धरून उपटायचं आणि मागं टाकायचं. चमच्यासारखं गेलं. मिरचीच्या पानांचं गेलं. शिंतोड्यांचं गेलं. माझ्या बुडाला त्यांची बोटं लागली, तेवढ्यात कुणी तरी म्हणालं,

"काका, थांबा. ते नका उपटू."

बोलणारी होती बसम्मा. गुरुपादप्पांची सून. पंधरा-सोळा वर्षांची, लग्न होऊन पुरते तीन महिने झालेले. भालकीकडची पोर, घरी कानडीच बोलणारी. मराठी शब्द ती तोंडात चाचपून मग बाहेर काढायची. त्या दिवशी ती वाफ्यातलं तण काढत होती.

"का गं सूनबाई?" मडिवाळप्पांनी विचारलं.

"बेल हाय ते. तीन पानं हायत बघा."

"बेल न्हाई गं. जंबेरीच हाय, पण खोटी. पान असं फिरलेलं असलं की पुढं काय निघंल त्याचा भरवसा न्हाई. असल्या रोपावर डोळा बांधत न्हाईत."

बसम्मानं हातातलं तण खाली टाकलं. मग म्हणाली, "खोटी कशी? उगवलीय तर खरी."

मडिवाळप्पा हसले. पण हात काही त्यांनी काढून घेतला नाही. एवढ्यात गुरुपादप्पा आले. काय चाललंय ते त्यांनी ऐकून घेतलं, वाकून माझं पान पाहिलं आणि सरळ झाले.

"शंकराच्या नावानं ठेवायचं म्हणती तर राहू दे. पण रांगेत लावू नका. हितंच कोपऱ्यात राहील."

एवढ्यावर माझा जीव वाचला.

पुढच्या महिन्यात वाफा मोकळा झाला. माझ्या बहिणींना आणि इतर साऱ्यांना उपटून, त्यांच्या सोटमुळांची टोकं खुडून, रांगेनं लावलं. रोप हलवायचं म्हणजे मुळाचं टोक खुडावं लागतं, ती रीतच आहे. वर्षभरानं त्यांच्यावर थोरलीचे डोळे बांधले गेले. त्या मोसंबी झाल्या. मी मात्र पेरल्या जागीच राहिले. माझं सोटमूळ कुणी खुडलं नाही, ते सरळ खाली खाली विहिरीच्या ओलीकडे जात राहिलं. पण तेव्हा मला त्याचं काय कौतुक असणार? रिकाम्या वाफ्यात मी एकटी उभी होते आणि मला नुसतं वाईट वाटत होतं.

मित्रांनो, एकटं माणूस एकट्या झाडाला बरोबर ओळखतं. बसम्माचा नवरा वीरण्णा माणूस चांगला, पण दिवसभर ज्वारीच्या रानात. सासू नव्हती. गावातल्या बायका तिच्या मराठीला हसायच्या. ती दुपारचं पाणी घेऊन बागेत यायची, उरलेला तांब्या माझ्या बुडाशी ओतायची आणि तिच्या भाषेत हळू आवाजात काहीबाही बोलायची. आईचं, धाकट्या बहिणीचं, घराजवळच्या चिंचेचं. मला भाषा कळत नव्हती. आवाज कळत होता.

दुसऱ्या श्रावणात ती माझी चार पानं खुडून घरी घेऊन गेली आणि पूजेत वाहिली. मग गावातल्या बायकांना हे कळलं. सोमवारी सकाळी त्या परडी घेऊन येऊ लागल्या. बेलाचं झाड गावापासून लांब, माळावर होतं. मी विहिरीवर, हाताशी. 'बसम्माचा बेल' असं माझं नाव पडलं. तिच्या मराठीला हसणाऱ्या बायका आता "बसम्मा, दोन पानं घेऊ का?" असं विचारत. माझे काटे त्यांच्या बोटांत रुतत, तरी कुणी रागवत नसे. बियांपासून वाढलेल्या झाडाला काटे लांब असतात, माझे तर बोटभर होते.

एकदा मठातले स्वामी बागेत आले. त्यांनी माझं पान चुरगाळलं, नाकाशी नेलं आणि हसले. बायकांनी परड्या मागं घेतल्या. बसम्माचा चेहरा उतरला. स्वामी म्हणाले, "हा बेल न्हाई हे देवाला ठाऊक हाय. पण लिंबाच्या वासाचं त्याला वावडं हाय असं मी कुठं वाचलं न्हाई." मग बायकाही हसल्या आणि पानं खुडणं चालू राहिलं.

कौतुकाची चार वर्षं मी भोगली. खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली होती. श्रावण आला की मी आतून फुलायची.

पण लहानपणीचं वळण झाडाला जन्मभर पुरतंच असं नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी माझ्या नव्या फांद्यांवर दोन-दोन पानं येऊ लागली. मग एक. खालच्या जुन्या फांद्यांची तीन पानं पिकून गळाली, आणि एका उन्हाळ्यानंतर मी इतर कुठल्याही जंबेरीसारखी दिसू लागले. त्या श्रावणात पहिल्या सोमवारी बायका आल्या. माझ्याभोवती फिरल्या, फांद्या वाकवून पाहिल्या. एक म्हणाली, "संपलं वाटतं हिचं." पुढच्या सोमवारी कुणी आलं नाही.

त्याच वर्षी मला पहिली फळं धरली. ओबडधोबड, जाड सालीची, दात आंबवणारी. पोरांनी एक फोडलं आणि थुंकून टाकलं. गुरुपादप्पा एकदा थांबून मला पाहत म्हणाले, "पान गेलं, फळ बेकार, काटा तेवढा लई." त्यानंतर माझ्या बुडाशी पाणी घालणारी एकटी बसम्माच राहिली.

मडिवाळप्पांची नजर तेव्हा अधू होऊ लागली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. चाकूची चीर वाकडी जायची, बांधलेल्या दहातले पाच डोळे वाळायचे. बसम्मा त्यांच्या हाताशी बसून केळीच्या सोपटाच्या, म्हणजे वाळक्या सालीच्या, दोऱ्या करून द्यायची. सात वर्षं ती हे काम पाहत आली होती. बाईच्या हातचा डोळा लागत नाही, असं तेव्हा सगळे मानत. गुरुपादप्पाही मानत. एके दुपारी मालक निलंग्याच्या बाजाराला गेलेले पाहून मडिवाळप्पांनी चाकू तिच्यापुढं धरला.

"घे. मला दिसून ऱ्हायलं न्हाई आता. माझ्यामागं हे कुणाला तरी यायला पाहिजे."

"मामा रागावतील, काका." सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"म्हणून तर ह्या काटेरीवर हात बसव म्हणतो. बिघडलं तरी कुणी रडणार न्हाई हिच्यासाठी."

ते ऐकून मला लागलं. पण बसम्मा माझ्याजवळ आली, माझ्या फांदीवरची धूळ तिनं पदरानं पुसली, आणि मला वाटलं, हिच्या हातानं चीर पडणार असेल तर पडू दे.

पहिली चीर खोल गेली. दुसरी आखूड. तिसऱ्या वेळी डोळा सालीखाली सरकताना मोडला. थोरलीच्या छाटलेल्या डहाळ्या कचऱ्यात पडायच्या, त्यातले डोळे ती उचलून आणायची. महिनाभर ती माझ्यावर शिकत होती. माझ्या अंगावर अकरा व्रण झाले. बारावा डोळा विहिरीकडच्या फांदीवर बसला. पंधरा दिवसांनी तिनं सोपट सोडलं. डोळा हिरवा होता. तिनं तो बोटाच्या टोकानं हळूच शिवला आणि आनंदानं तिच्या तोंडून कानडीच निघालं. मडिवाळप्पांनी जवळ डोळे नेऊन पाहिलं, नीट दिसेना तेव्हा बोटानं चाचपलं, आणि म्हणाले, "लागला. तुझा हात हलका हाय पोरी."

फांदी हातभर वाढली तेव्हा गुरुपादप्पांच्या नजरेला पडली. ते चालता चालता थांबले.

"हे कुणी केलं?"

मडिवाळप्पा पुढं होऊ लागले, पण बसम्मानंच उत्तर दिलं. "मी केलं, मामा."

"थोरलीचा डोळा? ह्या खोट्या झाडावर?"

"टाकून दिलेल्या काडीचा होता."

"खालचा खुंट असा, तर फळ कसं निघंल? उद्या कुणी चाखून म्हणंल, गुरुपादप्पाच्या थोरलीचं फळ असलं! आजच कापून टाक ती फांदी."

बसम्मा मान खाली घालून उभी राहिली. सासऱ्याला उलटून बोलायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती. तरी ती म्हणाली, "एकदा फळ येऊ द्या, मामा. वाईट निघालं तर मीच कापीन."

गुरुपादप्पा पाठ फिरवून निघून गेले. फांदी त्यांनी कापली नाही, पण चाकूला हात लावायला तिला मनाई झाली. त्या दिवसापासून ते तिच्याशी कामापुरतंच बोलू लागले. तेही वीरण्णाच्या तोंडून. एका घरात राहून तीन वर्षं असं चाललं. ती बागेत यायची, तण काढायची, पाणी द्यायची, पण कलमांच्या दिवसांत वाफ्याकडे फिरकायची नाही.

मग रझाकारांच्या धामधुमीचे दिवस आले. बाजार भरेना. संध्याकाळ व्हायच्या आत गावाच्या वाटा ओस पडू लागल्या. आजूबाजूच्या गावांतून बऱ्यावाईट बातम्या येत. लोक घरदार सोडून सरहद्दीपलीकडे, सोलापूरच्या बाजूला जाऊ लागले. पौषातल्या एका सकाळी गुरुपादप्पांच्या घरच्या दोन गाड्या विहिरीजवळून निघाल्या. मोटेचे बैलच गाड्यांना जुंपले होते. गुरुपादप्पा खाली उतरून थोरलीजवळ गेले, तिच्या बुंध्यावर हात ठेवला आणि परत येऊन गाडीत बसले. मडिवाळप्पांना हाताला धरून चढवलं. बसम्माच्या काखेला वर्षाची मुलगी होती. उतरायला वेळ नव्हता. गाडी वळेपर्यंत ती माझ्याकडे पाहत होती.

मित्रांनो, त्या उन्हाळ्याबद्दल मी फार बोलत नाही. विहिरीत पाणी होतं, पण ते वर काढणारं कुणी नव्हतं. मोसंबीची मुळं उथळ, रोजच्या पाटाच्या पाण्यावर वाढलेली. फाल्गुनात पानं वळली, चैत्रात गळाली. मोकाट शेळ्या आल्या आणि त्यांनी साली खाल्ल्या. माझ्या काट्यांना मात्र त्यांनी एकदाच तोंड लावलं. वैशाखात कुणी सरपणासाठी वाळलेली झाडं तोडून नेली. माझ्या बहिणी गेल्या. थोरली उभ्या उभ्या वाळत होती. तिच्यावर कुऱ्हाड पडली तो आवाज मी ऐकला. मी काय करू शकत होते? जमिनीत खोल माझं मूळ ओलीला टेकलं होतं. त्या ओलीवर मी माझी निम्मी पानं टाकून निम्मी जगवली. विहिरीकडच्या फांदीला मी आधी दिलं, मग माझ्या इतर फांद्यांना.

मृगाचा पाऊस पडला आणि तहानलेलं झाड जसं एकदम उमलतं तशी ती फांदी उमलली. पांढऱ्या फुलांनी भरली. पाहायला कुणी नव्हतं. फुलांतून सात फळं धरली.

भाद्रपदात पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य संपलं असं वाटेनं जाणारी माणसं मोठ्यानं बोलत होती. दिवाळीच्या तोंडावर गुरुपादप्पांची गाडी परत आली. एकच गाडी. मडिवाळप्पा त्यात नव्हते. सोलापूरकडच्या निर्वासितांच्या छावणीत तापानं ते आषाढात गेले होते. गुरुपादप्पांचा ताठपणा कमी झाला होता. ते काठी टेकत बागेत आले, थोरलीच्या जागी उरलेलं खोडकं पाहिलं आणि विहिरीच्या काठावर बसून राहिले. रडले नाहीत. वीरण्णा त्यांच्याजवळ उभा होता. तो म्हणाला,

"बाबा, आता हितं काय उरलं न्हाई. खोडकी काढून नांगर घालतो. ज्वारीचा टैम अजून गेला न्हाई. घरात खायला तरी होईल."

गुरुपादप्पांनी मान हलवली. वीरण्णानं कुऱ्हाड आणली आणि काठावर उभ्या राहिलेल्या एकुलत्या झाडाकडे आला. म्हणजे माझ्याकडे.

बसम्मा मुलीला काखेत घेऊन मागून येत होती. तिनं फांदी पाहिली. फळं अजून हिरवी, लिंबाएवढी, पानांतून पटकन न दिसणारी. ती धावतच आली आणि माझ्या नि वीरण्णाच्या मध्ये उभी राहिली.

"हात लावू नका!"

"अगं, बाजूला हो. जंबेरी हाय ती."

"ही फांदी थोरलीची हाय."

हे ऐकून गुरुपादप्पा उठले. काठी विहिरीशीच राहिली. तसेच चालत आले, फांदी हातात धरली, एक पान तोडून चुरगाळलं आणि कितीतरी वेळ नाकाशी धरून उभे राहिले. पण ते हट्टी माणूस. म्हणाले, "वास तोच हाय. फळाचं काय सांगावं?"

"फळ पिकूपर्यंत थांबा, मामा. माघापर्यंत. मी तेव्हाही तेवढंच मागितलं होतं."

इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा सरळ बोलली होती. गुरुपादप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग वीरण्णाकडे.

"बाकीचं रान नांगर. हे झाड राहू दे."

त्या तीन महिन्यांत माझ्यासारखी चैन कुणाची नसेल. सकाळी गुरुपादप्पा एक बादली पाणी आणत, संध्याकाळी बसम्मा. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत, पण फळं मोजायला दोघंही थांबत. मार्गशीर्षातल्या वाऱ्यात दोन गळाली. एक पोपटानं खाल्लं. चार उरली. मला रोज भीती वाटायची. माझा खोटेपणा त्या फळांत उतरला असेल तर? मूळ माझं होतं, रस माझ्यातून वर जात होता. मी तीन पानांची, नंतर एका पानाची, आंबट, काटेरी. मी त्या फळांना बिघडवलं तर बसम्मानं शब्द दिला होता तशी ती फांदी तिला स्वतःच्या हातानं कापावी लागली असती.

माघात साल पिवळी झाली. गुरुपादप्पांनी पूजा आटोपून एक फळ तोडलं, विहिरीच्या काठावर बसून हातानं सोललं. साल पातळ निघाली. पहिली फोड त्यांनी गळ्यातल्या लिंगाला दाखवून तोंडात टाकली. डोळे मिटून सावकाश चावली. बसम्मा समोर उभी होती, पदराचं टोक मुठीत आवळून.

"हीच," ते म्हणाले.

आणि मग, छावणीतून परतल्यावर जे रडले नव्हते ते गुरुपादप्पा, सुनेसमोर बसून लहान मुलासारखे रडले. उरलेल्या फोडी त्यांनी तिच्या हातात दिल्या. तिनं एक मुलीला भरवली, एक स्वतः खाल्ली. मडिवाळप्पांचं नाव दोघांच्याही ओठांवर एकदमच आलं.

त्याच माघात जंबेरीचं नवं बी पेरलं गेलं. दीड वर्षानं रोपं कलमाजोगी झाली. डोळे बांधायच्या दिवशी गुरुपादप्पांनी चाकू दगडावर लावून आणला आणि बसम्माच्या पुढ्यात ठेवला. तिनं माझ्या फांदीवरून काडी घेतली. त्या पावसाळ्यात तिनं दोनशे डोळे बांधले आणि त्यातले पावणेदोनशे लागले.

आणखी एक गोष्ट बदलली. देवणीकडची, औराद-शहाजानीकडची, भालकीकडची माणसं कलमं मागायला आली, तेव्हा गुरुपादप्पांनी मान हलवली नाही. "न्या," ते म्हणाले. "थोरली एकाच कुंपणात ठेवली होती, म्हणून मुळासकट गेली असती. चार गावांत असली तर एका गावात तरी राहील." पहिली गाडी भरली त्या दिवशीचं मला लख्ख आठवतं. मातीचे गोळे गवतात बांधलेले, वर कोवळे हिरवे शेंडे. बैल जुंपता जुंपता देवणीच्या गाडीवाल्यानं विचारलं, "मालक, कुणी विचारलं तर कुणाची कलमं म्हणून सांगू? गुरुपादप्पांची?"

गुरुपादप्पा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते. देवणीचे बैल, काळेपांढरे, देखणे. ते बैलाकडेच पाहत म्हणाले, "न्हाई. बसम्माची म्हणून सांग."

बसम्मा तेव्हा माझ्या पलीकडे वाफ्यात वाकून सोपट सोडत होती. तिनं ते ऐकलं नाही. मी ऐकलं. आज इतक्या वर्षांनी तुम्हाला सांगते आहे.

आता ती माणसं राहिली नाहीत. गुरुपादप्पा गेले, वीरण्णा गेला. बसम्मा खूप म्हातारी होऊन गेली. शेवटची काही वर्षं तीही माझ्यासारखीच वाकली होती, आणि माझ्या सावलीत बसून आजूबाजूच्या गावांतल्या बायकांना डोळा बांधायला शिकवायची. त्यांच्या हातांनी बांधलेल्या मोसंबी कुठं कुठं आहेत ते मला माहीत नाही. विहिरीकडची फांदी मागच्या वादळात मोडली. माझ्या बुंध्यात भुंग्यांनी घर केलं आहे. बागेच्या जागी आता सोयाबीन असतं, आणि लोक जाता येता माझ्या बुडाशी कचरा टाकतात.

मित्रांनो, तेवढा कचरा बाजूला करा. वाळलेली फांदी कापा, चैत्रात एखादी बादली पाणी घाला, बुंध्याला चुना लावा. म्हाताऱ्या झाडाला याहून जास्त लागत नाही. आणि कधी तुम्ही स्वतः बी पेरलंत आणि त्यातलं एखादं रोप पुस्तकातल्या चित्रासारखं निघालं नाही, पान तिरकं आलं, डाग आला, एकाच्या जागी तीन आली, तर लगेच बोटं पुढं करू नका. त्याला जागा द्या, ऊन द्या, आणि फळ येईपर्यंत थांबा. थांबणं कठीण जातं, मला माहीत आहे. पण फळाखेरीज झाडाला दुसरं कुठलं बोलणं येत नाही.